घरबांधणीतील उन्हाचा हिशेब

घर कसे बांधावे, हा विषय शाळेच्या वार्षिकांकात कशासाठी, असा प्रश्न काही पालकांच्या मनात उभा राहील. नकाशा काढणे हे अभियंत्याचे काम, विटा रचणे हे गवंड्याचे आणि पैसा उभा करणे हे वडीलधाऱ्यांचे. त्यात नववी-दहावीच्या मुलांनी कशास डोकवावे? आमचेही मत एके काळी याहून फारसे निराळे नव्हते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. चुना, सिमेंट आणि वॅट यांच्याशी आमचा संबंध वीजबिल भरण्यापुरताच. परंतु मागच्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याच्या घरी जे घडले, त्यामुळे आम्हांस या विषयाचा अभ्यास करणे भाग पडले.

हा विद्यार्थी येथेच, कतारगामच्या एका गल्लीत राहतो. घराणे मूळचे खानदेशातील, वडील हिरे घासण्याच्या कारखान्यात कामाला. घर खाली एक आणि वर एक अशा दोन खोल्यांचे, दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेले. वरच्या खोलीत आजी आणि नातू झोपतात. एप्रिल महिन्यात हा मुलगा वर्गात डुलक्या घेऊ लागला. विचारल्यावर म्हणाला, "सर, वरच्या खोलीचं छत रात्री बारापर्यंत तापलेलं असतं. पंखा लावला की गरम वाराच खाली येतो. आजी ओला पंचा अंगावर घेऊन बसते, तिला झोप नाही, म्हणून मलाही नाही." त्यानंतर आठवडाभरातच एका संध्याकाळी आजींना घेरी आली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. तिसऱ्या दिवशी त्या घरी परतल्या हे दैव. वडिलांनी तत्काळ हप्त्याने वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपल्या बोलीतला एसी, घेण्याचे ठरविले. कर्जाचा अर्ज इंग्रजीत होता, तो भरून देण्याकरिता त्यांनी आम्हांस घरी बोलावले. दिवाळीनंतर थोरल्या मुलासाठी आणखी एक मजला चढवावयाचा होता, त्याचाही कच्चा नकाशा त्यांनी आमच्यापुढे ठेवला.

अर्ज भरण्यापूर्वी आम्ही म्हटले, "दादा, एकदा गच्चीवर जाऊन येऊ या." सायंकाळचे सहा वाजून गेले होते. रिवाजाप्रमाणे चपला खालीच काढून आम्ही वर गेलो आणि दोन पावलांवरच परत फिरलो. सिमेंटच्या त्या काळवंडलेल्या गच्चीवर अनवाणी उभे राहणे शक्य नव्हते. ऊन कलले होते, परंतु दिवसभर त्या स्लॅबने जे पोटात साठविले होते ते आता दोन्ही तोंडांनी बाहेर पडत होते, वर आकाशाकडे आणि खाली आजींच्या अंथरुणावर.

येथे थोडे गणित करावयास हवे. आमच्या शाळेतील विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी ते तपासून दिले आहे, तेव्हा वाचकांनी निःशंक मनाने वाचावे. छताच्या एका चौरस मीटर भागातून, वरच्या व खालच्या हवेत एका अंशाचा फरक असता, जितकी उष्णता पार होते ती वॅटमध्ये मोजली की त्या छताचे यू-मूल्य मिळते. हे मूल्य जितके मोठे तितके छत उष्णतेस अधिक मोकळी वाट देणारे. आपल्याकडे सर्वत्र घातला जाणारा पाच इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब घेतला, तर हे मूल्य सुमारे साडेतीन येते. आता दहा फूट बाय बारा फूट खोली घ्या. छत एकशेवीस चौरस फूट, म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. उन्हाने तापलेल्या छतावर हा फरक वीस अंशांचा धरणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. साडेतीन गुणिले अकरा गुणिले वीस : सातशे सत्तर वॅट. आपल्या घरची कपड्यांची इस्त्री साधारण साडेसातशे ते हजार वॅटची असते. म्हणजे भर उन्हाळ्यात त्या खोलीच्या आढ्याला एक इस्त्री उलटी टांगून दिवसभर चालू ठेवली आहे आणि तिच्याखाली आजी झोपल्या आहेत, असेच समजावे. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे साडेतीन हजार वॅट उष्णता खोलीबाहेर फेकू शकते. त्यातला पाचवा हिस्साहून अधिक या एकट्या इस्त्रीशी झगडण्यात खर्ची पडणार आणि त्याचे बिल दरमहा घरधन्याने भरावयाचे!

हा हिशेब मांडल्यावर आमच्या मनात साहजिकच आले की, अशा घरांसाठी सरकारचा काही नियम असेलच की नाही? शोध घेता कळले की आहे, आणि तो चांगला आहे. आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि त्याखाली २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. पंख्यावर, शीतकपाटावर जे ताऱ्यांचे पत्रक चिकटविलेले दिसते ते याच संस्थेचे. सुरुवातीस तिने मोठमोठ्या कचेऱ्या व दुकानांच्या इमारतींकडे लक्ष दिले. राहत्या घरांची पाळी उशिरा आली. १४ डिसेंबर २०१८ रोजी, ऊर्जा संवर्धन दिनी, 'इको निवास संहिता' या नावाने घरांसाठीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रांविषयी काहीच नव्हते. घराचे जे बाह्यांग, म्हणजे छत, भिंती आणि खिडक्या, तेवढ्याचाच विचार होता. आम्हांस हा क्रम फार योग्य वाटतो. आधी घर नीट करावे, मग यंत्र आणावे.

त्या संहितेतील मुख्य कलमे सामान्य माणसास कळण्यासारखी आहेत. छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे. भिंती आणि खिडक्या यांतून आत येणाऱ्या उष्णतेची सरासरी, थंड प्रदेश सोडून इतरत्र, दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ उष्ण व कोरड्या प्रदेशात घराच्या जमिनीच्या निदान एक दशांश आणि उष्ण व दमट प्रदेशात निदान एक षष्ठांश असावे. खिडक्यांनी भिंतीचा तीस टक्क्यांपर्यंत भाग व्यापला असेल, तर त्यांच्या काचेने किमान २७ टक्के प्रकाश आत सोडावा. हे खिडक्यांचे प्रमाण काही नवे नव्हे. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणून जो जाडजूड ग्रंथ १९७० सालापासून आपल्याकडे आहे, त्यातही दशांश आणि षष्ठांश ही मापे सांगितलेली आहेत.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या घराकडे वळू. सध्या त्याच्या छताचे यू-मूल्य साडेतीन, आणि संहितेची मर्यादा १.२, म्हणजे जवळजवळ तिप्पट दोष. परंतु मौज अशी, की हा नियम त्या घरास लागूच नव्हता! २०१८ ची संहिता पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी होती. या घराचा भूखंड पंधरा फूट बाय चाळीस फूट, म्हणजे छप्पन्न चौरस मीटरही पुरता नाही. पुढे २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारती त्याच्या कक्षेत आल्या. पण तेथेही मूळ मर्यादा शंभर किलोवॅट जोडभाराची आहे, जरी राज्य सरकारांना ती खाली आणण्याची मोकळीक दिलेली आहे. गल्लीतल्या घराचा जोडभार असून असून तीन-चार किलोवॅटचा. मोठ्या संकुलांपासून प्रारंभ करणे व्यवहाराला धरून आहे, हे आम्ही मान्य करतो. एकेका गल्लीत शिरून छताचे माप घेणारे निरीक्षक आणावयाचे कोठून? तथापि ऊन भूखंडाचे क्षेत्रफळ विचारून पडत नाही. उलट चिकटून बांधलेल्या घरांत दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या सावलीत असतात आणि वरच्या मजल्यावर बहुतेक सगळा मारा छतावरच होतो. ज्याला नियमाची सर्वांत अधिक गरज, तोच नियमाबाहेर. अशा घरात राहणाऱ्याने नियमाची वाट न पाहता नियमातले शहाणपण तेवढे उचलावे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

आम्ही हे आकडे त्या घरी समजावून सांगत असता आजी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "आमच्या गावाकडे धाब्याचं घर होतं. वैशाखात दुपारी आत शिरलं की गार वाटायचं. तेव्हा कुठं होती ही यंत्रं?" खानदेशातील धाब्याचे घर ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो : जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर फूटभर जाडीचा चोपलेल्या मातीचा थर. आम्ही घरी येऊन आजींच्या धाब्याचे गणित मांडले. कोरडी चोपलेली माती काँक्रीटच्या मानाने तिसरा हिस्साच उष्णता वाहते, आणि थर दुपटीहून अधिक जाड. नुसत्या मातीच्या थराचे यू-मूल्य सव्वाच्या आसपास येते. खालचे लाकूड हिशेबात धरले की ते संहितेच्या मर्यादेत बसते! शिवाय इतकी माती तापावयास वेळ घेते, तो निराळा लाभ. दिल्लीस २०१८ साली जे कलम लिहिले गेले ते खानदेशातील अक्षरशत्रू गवंडी कित्येक पिढ्या पाळीत होते.

याचा अर्थ सर्वांनी धाबी घालावीत असा मात्र कोणी घेऊ नये. सुरतेच्या पावसात धाब्याचा टिकाव लागणार नाही आणि त्यावर दुसरा मजला चढविता येणार नाही. जुने ते सगळे सोने, हे आम्हांस मान्य नाही. आमच्या घरी कोंकणी बोलतात. आमचे बालपण नळ्यांच्या, म्हणजे मंगळुरी कौलांच्या, घरात गेले. कौलारू घराच्या गारव्याचे गोडवे आजकाल फार गायिले जातात. परंतु मे महिन्यात भर दुपारी कौलांखालच्या माळ्यावर आंबे पिकत घालावयास जो चढला असेल त्यास खरे काय ते विचारावे. कौल पातळ, ते लवकर तापते. गारवा येतो तो मधल्या माळ्यामुळे, उंच आढ्यातून आणि कौलांच्या फटींतून निघून जाणाऱ्या गरम हवेमुळे, चहूबाजूंच्या पडव्यांमुळे आणि अंगणातल्या माडा-फणसांमुळे. नुसती कौले आणून सुरतेच्या गल्लीत घातली, तर त्यांच्यामागून माडाची सावली काही चालत येणार नाही. गावोगावच्या घरांकडून युक्ती घ्यावी, नक्कल घेऊ नये.

तर मग युक्ती कोणती? पहिली अगदी स्वस्तातली : गच्ची पांढरी करणे. जुनाट सिमेंटची गच्ची तिच्यावर पडलेल्या उन्हापैकी मोठा भाग पिऊन टाकते. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग त्यातले बरेचसे आल्या वाटेने परत पाठवितो. व्यापारी इमारतींसाठीच्या २०१७ च्या संहितेत सपाट छताने निदान ६० टक्के ऊन परतविले पाहिजे असे म्हटले होते. गुजराथेत गच्चीवर फुटक्या पांढऱ्या चिनी लाद्यांचे तुकडे बसविण्याची जी चाल आहे ती यासाठीच, आणि ती शोभेची वस्तू नाही. तेही परवडत नसेल तर चुन्याचे दोन हात पुरेत. आमच्या वर्गाने याची परीक्षा घेतली. पत्र्याचे दोन सारखे डबे घेऊन एकास बाहेरून चुना आणि दुसऱ्यास काजळी लावली, दोहोंत सारखे पाणी भरले आणि ते मैदानात ठेवले. मधल्या सुटीनंतर डोळे मिटून बोट घातले तरी कोणता डबा कोणता हे सांगता येत होते.

दुसरी युक्ती नवा स्लॅब पडतो तेव्हाची. स्लॅबवर उष्णतारोधक फेसाचे एक इंच जाडीचे तक्ते बसवून त्यांवर कोबा आणि लाद्या घातल्या, तर यू-मूल्य साडेतीनवरून एकाच्या जवळ येते. केवळ एक इंच! आमची ती उलटी इस्त्री मग सव्वादोनशे वॅटांची राहते. हा थर छताच्या वरच्या अंगास हवा, खाली नको. खालून लावल्यास खोलीत ऊब थोडी कमी येईल, परंतु स्लॅब स्वतः रोज तापत आणि निवत राहतो, फुगतो, आकसतो, आणि काही वर्षांनी त्यास चिरा पडून पावसाळ्यात गळू लागतो. जुन्या घरावर असे काही घालावयाचे असेल तर एक सावधगिरी अवश्य बाळगावी. विटांच्या तुकड्यांचा कोबा वजनाने भारी असतो. जुन्या खांबांना तो पेलवेल किंवा नाही, हे अभियंत्याने पाहिल्याशिवाय एक पाटीही वर चढवू नये. वजनाची शंका असेल तेथे चुनाच बरा.

खिडक्यांविषयी लिहिताना आम्हांस आमच्याच अपराधाची कबुली द्यावी लागते. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या लहानशा सदनिकेची डागडुजी केली. जुन्या लाकडी झडपा काढून सरकत्या काचेच्या खिडक्या बसविल्या आणि ठेकेदाराच्या सल्ल्याने काच गडद काळी घेतली. ऊन लागणार नाही, असे त्याने सांगितले. दहा बाय बाराच्या खोलीत चार फूट बाय चार फुटांची खिडकी म्हणजे सोळा चौरस फूट. जमिनीच्या एकशेवीस चौरस फुटांशी प्रमाण साडेतेरा टक्क्यांच्या जवळपास. झडपा होत्या तोवर ही सोळाही फूट हवा आत येत असे. सरकती काच मात्र एका वेळी अर्धीच उघडते! उरली आठ चौरस फूट, म्हणजे पुरते सात टक्केही नाहीत. कोरड्या प्रदेशाचे दशांशाचे मापही आम्ही गाठू शकलो नाही. मग तापीच्या मुखाजवळच्या या गावी, जेथे जूनपासून अंगाचा घाम वाळत नाही, तेथले षष्ठांशाचे माप दूरच राहिले. काळ्या काचेमुळे खोलीत अंधार आला आणि दिवसाढवळ्या दिवा लावण्याची पाळी आली ती निराळीच. पैसे देऊन आम्ही वारा आणि उजेड दोन्ही घराबाहेर काढले. खिडकीचे माप विचारताना 'केवढी आहे' हे न विचारता 'केवढी उघडते' हे विचारावे, एवढे शहाणपण आम्हांस त्या खर्चातून मिळाले. वाऱ्याला आत येण्यास जशी वाट हवी तशी बाहेर पडण्यासही हवी. गल्लीतल्या घरांना दोनच तोंडे असतात. त्यांनी समोरची व मागची खिडकी एका रेषेत घ्यावी, आणि जिन्याच्या माथ्यावर जाळीचे झडप ठेवावे, म्हणजे गरम हवा धुराड्यातून निघावी तशी वर निघून जाते.

खिडकी कोणत्या दिशेस आहे यावरही पुष्कळ अवलंबून आहे. सुरत कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१.२ अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेच्या अखेरच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास, सूर्य मध्यान्ही नेमका आपल्या माथ्यावर येतो. विद्यार्थ्यांनी मेमध्ये या दिवशी अंगणात एक काठी सरळ रोवून पाहावी. घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर काही क्षण तिची सावली नाहीशी होते. जुलैत ढग बहुधा हे दृश्य पाहू देत नाहीत. याचा घरबांधणीतला अर्थ असा, की ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला आपण समजतो तितका धोका नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकून ४५ अंशांवर येतो, तेव्हा दोन फुटांचा छज्जा खिडकीवर दोन फूट सावली धरतो आणि खालून हवे तेवढे कोवळे ऊन आत येऊ देतो. खरा शत्रू पश्चिमेस आहे. तिसऱ्या प्रहरी ऊन इतके तिरपे येते की छज्जा कितीही पुढे काढला तरी ते त्याच्या खालून सरळ खोलीत शिरते. तेथे उभ्या फळ्या, बाहेरच्या झडपा, बांबूचा पडदा किंवा झाड हेच उपाय. पडदा काचेच्या आत टांगण्याहून बाहेर टांगलेला चांगला, कारण काच ओलांडून आत आलेले ऊन मग आतच राहते.

भिंतींचा विचार आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण चिकटून असलेल्या घरांत त्यांचा वाटा लहान. नऊ इंची विटेच्या भिंतीचे यू-मूल्य दोनच्या आसपास असते. हवेचे सूक्ष्म बुडबुडे असलेल्या हलक्या ठोकळ्यांच्या, ज्यांस बाजारात एएसी ब्लॉक म्हणतात, आठ इंची भिंतीचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. सहा इंची सलग काँक्रीटची भिंत मात्र उघड्या स्लॅबइतकीच वाईट. मोठ्या संकुलात सदनिका घेणाऱ्यांनी भिंत कशाची आहे, हे फरशीच्या रंगाआधी विचारावे. असे प्रश्न विचारून बांधलेली सामान्यांची घरेही आपल्या राज्यात आहेत. राजकोट महानगरपालिकेने पंतप्रधान आवास योजनेखाली 'स्मार्ट घर' नावाचा जो गृहप्रकल्प केला, त्यात भारत व स्वित्झर्लंड यांच्या संयुक्त उपक्रमातील तज्ज्ञांनी छत, भिंती, खिडक्या आणि वायुवीजन यांचा आधीच विचार करून नकाशे सुधारले. गरिबांच्या घरांना हे परवडत नाही, हा आक्षेप तेथे तरी टिकला नाही.

परदेशांतही हा विचार एकदम सुचला नाही. १९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या लोकांच्या ध्यानात आले की आपली ऊब भिंतींतून बाहेर गळते आहे. पश्चिम जर्मनीत १९७७ साली आणि अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली घरांसाठी तसे नियम लागू झाले. आज युरोपात घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याच्या ऊर्जेचा दाखला दाखवावा लागतो. त्यांना ऊब आत राखावयाची, आपल्याला बाहेर. भिंतीला मात्र दोन्ही कामे सारखीच.

यंत्रांना आमचा विरोध आहे, असा समज होऊ नये. आजारी माणसाच्या खोलीत वातानुकूलन ही चैन नव्हे. पण ते घ्यावयाचेच तर तारे मोजून घ्यावे आणि २४ अंशांवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून ताराचिन्हांकित नवी यंत्रे मुळात याच अंशावर लावून विकावीत असा नियमच झाला. पंख्याचे उदाहरण अधिक घरांना लागू पडेल. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नव्या पद्धतीच्या मोटरीचा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्यास वीस युनिट वाचतात. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गच्चीवर सौरपट्ट्या बसविण्यास तीन किलोवॅटपर्यंत ७८,००० रुपयांचे साहाय्य ठरले. या पट्ट्यांचा एक अनुषंगिक गुण म्हणजे त्यांची सावलीही गच्चीवरच पडते.

त्या घराचे पुढे काय झाले ते सांगून लेखणी ठेवतो. कर्जाचा अर्ज आम्ही त्या दिवशी भरला नाही. पुढच्या रविवारी बापलेकांनी गच्ची घासून तिला चुन्याचे दोन हात दिले, आणि दुपारची आजींची बाज खालच्या खोलीत आली. चार दिवसांनी विद्यार्थी येऊन म्हणाला, "सर, रात्री नऊला स्टुलावर चढून छताला हात लावला. ठेवता येतो." आमच्या लेखी तापमापकापेक्षा ही साक्ष मोठी. वडिलांनी यंत्राची खरेदी वर्षभर पुढे ढकलली.

दिवाळीनंतर वरचा मजला चढू लागला तेव्हा खरा पेच पडला. खांबांची तपासणी अभियंत्याकडून झाली होती, परंतु एक इंची थराचे नाव काढताच ठेकेदार म्हणाला, "इथे असे कोणी करीत नाही." खर्चही वाढत होता, आणि थोरल्या मुलाला संगमरवरी फरशी हवी होती. दोन्ही होण्यासारखे नव्हते. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही, असे आमच्या कानावर आले. शेवटी निकाल आजींनी दिला. "फरशी साधी टाका," त्या म्हणाल्या, "पण पोरांच्या डोक्यावर माती घाला." माती नव्हे, फेसाचा तक्ता, हे त्यांना कोणी समजावून सांगितले की नाही, कोण जाणे. थर पडला, त्यावर पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसले, आणि या उत्तरायणाला आम्ही त्याच गच्चीवर पतंग पाहत उंधियू खाल्ले. त्यात कतारगामची पापडी होती. ज्या मळ्यांनी तिला हे नाव दिले, त्यांच्या जागी आता घरांच्या रांगा उभ्या आहेत.

गल्लीतल्या आणखी काही घरांनी आता चुन्याची चौकशी केली आहे. त्यांच्यासाठी कृती देत आहोत. चुना मोठ्या माणसांनीच आदल्या रात्री विझवून ठेवावा. विझताना तो उकळतो आणि डोळ्यांत उडाल्यास अपाय करतो. सकाळी कापडातून गाळून घ्यावा, त्यात थोडा डिंक किंवा लाकडाचा सरस मिसळावा. गच्ची आधी घासून, धुऊन ओलसर ठेवावी आणि ऊन चढण्यापूर्वी कुंचल्याने पहिला हात द्यावा. तो वाळल्यावर संध्याकाळी दुसरा आडवा द्यावा. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून दरसाल होळीनंतर हे काम नव्याने करावे लागते. यंदा होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आमच्या वर्गाची मुले कुंचले घेऊन शाळेच्या फाटकाशी जमणार आहेत. ज्यांच्या घरी म्हातारी माणसे वरच्या मजल्यावर राहतात, त्यांनी आपले नाव वर्गप्रमुखाकडे आधी नोंदवावे.